अंगी लागेल तेच जीवनसत्त्व



शाळा अर्ध्यावर सोडून कामगार संघटनेच्या कामात पडलेल्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचा पहिला धडा मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांच्या आजारातून शिकला गेला आहे. तेव्हा त्यावर बोलण्याचा हक्क थोडासा आम्हालाही पोहोचतो.

1928 साली डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या. गिरण्यांतल्या गरीब बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा पंडुरोग होत असे. हाफकिन संस्थेत त्याचा शोध घेताना विल्सबाईंचे लक्ष या बायकांच्या ताटाकडे गेले. भाजी नाही, दूध नाही, नुसते पोट भरण्यापुरते अन्न. त्यांनी यीस्टचा मार्माइट नावाचा स्वस्त अर्क देऊन पाहिला आणि रक्त सुधारले. 1931 साली हे प्रसिद्ध झाले. पुढे 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून असेच एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक आम्ल म्हणू लागले. 1945 साली ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. ज्या मातेचे आधीचे मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचे होते, तिने गर्भधारणेच्या आधीपासून हे घेतल्यास तोच प्रसंग पुन्हा ओढवण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, असे 1991 च्या ब्रिटिश चाचणीत दिसून आले.

म्हणजे जिन्नस मिळाला. पण मिळालेला जिन्नस अंगी लागलाच असे नव्हे. साध्या थंडगार पाण्याच्या एका लिटरमध्ये फॉलिक आम्ल जेमतेम दीड मिलिग्रॅम विरघळते. आंबट रसात तर त्याची अवस्था आणखी कठीण. फळांच्या रसात मिसळू गेले तर ते नीट पसरत नाही, तळाशी बसते. आतड्यांत आंबटपणा कमी असतो, तेथे ते बरे विरघळते. ड आणि ई ही जीवनसत्त्वे तर तेलाची सोयरी. पाण्याशी त्यांचे जमतच नाही.

असे का होते? स्फटिकात रेणू एकमेकांना घट्ट धरून ओळीने उभे असतात. आमच्या चळवळीत एकजूट हेच बळ, पण येथे मात्र ही एकजूट फुटल्यावाचून पाण्याला आत शिरता येत नाही. यावर संशोधकांनी युक्ती काढली ती सच्छिद्र पदार्थांची. 1992 साली मोबिल कंपनीच्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुबक छिद्रे असलेली सिलिका तयार केल्याचे जाहीर केले. छिद्राची रुंदी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-तीन. अशा एका ग्रॅम पुडीच्या आतल्या भिंती मोजल्या तर क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा चाळीतल्या शंभराहून अधिक खोल्यांची जमीन चिमूटभर पुडीत!

जीवनसत्त्वाच्या द्रावणात ही पूड भिजवावयाची, मग गाळून वाळवावयाची. रेणू छिद्रांत शिरतात, पण तेथे ओळ करून स्फटिक होण्याइतकी जागा नसते. ते विस्कळीत राहतात आणि पाणी लागताच लवकर सुटतात. 2001 साली स्पेनमध्ये आयबुप्रोफेन हे औषध असे भरून दाखविण्यात आले. पुढे व्हॅलेन्सियातील संशोधकांनी फॉलिक आम्ल भरून छिद्रांच्या तोंडाशी दरवाजाही बसविला. दरवाजा म्हणजे अमाइन जातीच्या साखळ्या. आंबट जागी त्यांवर विद्युत्भार येतो, त्या एकमेकींना दूर लोटतात आणि तोंड अडवतात. आंबटपणा ओसरला की त्या सैल होतात. जठरात दार बंद, आतड्यांत उघडे!

आता हे ऐकून हुरळून जाऊ नये. हे काम बव्हंशी प्रयोगशाळेतलेच आहे. फॉलिक आम्लाची नेहमीची मात्रा चारशे मायक्रोग्रॅमची, एवढी अल्प की साधी स्वस्त गोळी आजही आपले काम चोख करते. सच्छिद्र पूड उपयोगी पडेल ती पेयांत व खाद्यांत जीवनसत्त्व सारखे पसरविण्यास, ते प्रकाशापासून सांभाळण्यास आणि हळूहळू सोडण्यास.

आणि कामगारांचा माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सिलिका हे नाव आम्हाला भलत्या ठिकाणी भेटलेले आहे. मंदसोरचे पाटीपेन्सिल करणारे आणि खंभातचे अकीक घासणारे कामगार छातीत सिलिकेची धूळ साचून गेले. ती स्फटिकी सिलिका. औषधात वापरतात ती अस्फटिकी, तिचा गुण निराळा. खाद्यपदार्थ गुठळू नये म्हणूनही ती घालतात. तरीपण धूळ ती धूळ. जो कारखाना ही पूड करील त्याने हवा खेचणारी यंत्रे आणि तोंडावरचे मुखवटे आधी बसवावेत, मग आरोग्याची जाहिरात करावी.

1929 साली, विल्सबाईंचे भारतातले काम चालू असतानाच, मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. मला या दोन गोष्टी जोडीने आठवतात. एकीने रक्तात काय कमी आहे ते दाखविले, दुसरीने ते भरून यावयास बाईला थोडी उसंत आणि चार पैसे दिले. एकीवाचून दुसरी लंगडी. नव्या विद्येने औषधाला आतड्यापर्यंत नेणारी वाट जरूर शोधावी. पण औषधाला आणखी एक वाट चालावी लागते. ती दुकानापासून कामकरी बाईच्या घरापर्यंतची आहे. ती कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होणार नाही. ती आपण सर्वांनी मिळून बांधावयाची आहे.