परवान्याच्या दावणीला बांधलेल्या शाळा

केरळच्या सरकारी शाळांतले संगणक ग्नू/लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. हा निर्णय वरून अलगद उतरला नाही, तो भांडून मिळवलेला आहे. तिथला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, तेव्हा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती बेतलेला होता. विरोध केला तो शिक्षकांच्या संघटनांनी. सरकारी पैशाने मुलांना एका विक्रेत्याचे गिऱ्हाईक का बनवायचे, हा त्यांचा सवाल होता. जुलै २००१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली आणि या सवालाला वैचारिक बळ मिळाले. ते दशक सरण्याआधी दहावीची आयटीची परीक्षासुद्धा मुक्त प्रणालीवर होऊ लागली.

मुक्त स्रोत प्रणालीचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. केरळने हा हक्क कागदावर ठेवला नाही. उबुंटू ही लिनक्स प्रणाली घेऊन तिच्यावर स्वतःची आवृत्ती बांधली आणि त्यात जिओजेब्रा, जिंप, इंकस्केप, लिबरऑफिस अशी पाठ्यपुस्तकाला लागणारी सगळी साधने घातली. शाळेतल्याच शिक्षकांतून प्रशिक्षक घडवले आणि त्यांनी बाकीच्या शिक्षकांना शिकवले. २०१७ मध्ये प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली, तरी कणा शिक्षकांचाच राहिला. परवान्याचे पैसे वाचले हे खरे. पण खरी कमाई ही की यंत्र अडले तर ते सोडवणारा माणूस शिक्षण खात्यातच असतो.

महाराष्ट्राने उलटी वाट धरली. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम लाखोंनी केला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले आणि विंडोज व एमएस ऑफिस म्हणजेच संगणक ही समजूत घरोघरी रुजली. तिचे समर्थन एकाच वाक्यात होते: बाजारात जे चालते ते मुलांना शिकवावे. हा युक्तिवाद शाळेला शोभणारा नाही. आज पाचवीतला मुलगा नोकरीला लागेपर्यंत आजच्या मेनूतली बटणे जागेवर राहणार नाहीत. फाइल, प्रक्रिया, नेटवर्क, कोड या कल्पना राहतील, आणि त्या उघड्या यंत्रावरच नीट शिकता येतात. शिवाय जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. मग बाजार नेमका कोणता?

विरोधकांच्या हाती एक दाखला कायम असतो, म्युनिकचा. त्या शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. दाखला खरा आहे, निष्कर्ष खोटा. महापालिकेने नेमलेल्या सल्लागारांनीच मोठा दोष विस्कळीत आयटी व्यवस्थेवर ठेवला होता. शेजारच्या फ्रान्समध्ये जांदार्मरी हे पोलीस दल २००८ पासून उबुंटूकडे वळले आणि टिकून राहिले. आणि खुद्द जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणक लिबरऑफिसकडे आणि पुढे लिनक्सकडे नेण्याचे ठरवले. नेतृत्व कच खाते तिथे कोणतीही प्रणाली पडते.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे विचारणाऱ्यांनी मराठी मजकुराचे काय झाले ते पाहावे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक रचना वेगळी होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर शासकीय परिपत्रके आणि पुस्तकांच्या फाइली निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडतात. हे नुकसान मराठीच्या दस्तऐवजांचे आहे. याउलट लोहित किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हे फाँट खुल्या परवान्याचे असल्यामुळे कोणीही ते तपासू, दुरुस्त करू शकतो. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’साठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. लिनक्सचा डेस्कटॉप मराठीत आणण्याचे कामही बरेचसे पुण्यातल्या अभियंत्यांनी आणि स्वयंसेवकांनी केले. ते काम तयार असताना शाळा ते उघडूनही पाहत नाहीत, ही शरमेची गोष्ट आहे.

धोरणाची उणीव नाही. केंद्राच्या २०१५ च्या धोरणात सरकारी प्रणालींसाठी मुक्त स्रोताला प्राधान्य आहे आणि तो पर्याय वगळल्यास कारण देण्याची अट आहे. केंद्राच्याच सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आवृत्ती कधीच तयार केली. अडते ते निविदेत. तिथे प्रणालीचे नावच लिहिले की स्पर्धा संपली. म्हणून निविदेत उत्पादनाचे नाव न लिहिता गरज लिहिली पाहिजे, आणि फाइली खुल्या मानकात साठवण्याची सक्ती हवी.

हा बदल पुढे ढकलण्याची मुदतही आता सरली आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळांतले अनेक धडधाकट संगणक त्या यादीबाहेर जातात. यातले बहुतेक हलक्या लिनक्सवर आणखी काही वर्षे चालू शकतात. ते भंगारात काढून नवी खरेदी करण्याचा प्रस्ताव जिथे जिथे येईल, तिथे तिथे शाळा व्यवस्थापन समितीने आधी लिनक्सची चाचणी आणि तिचा लेखी निकाल मागावा.