अभ्रकाचा पापुद्रा आणि ‘उणे एक’

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत सोडियम दिव्यासमोर बायप्रिझम, म्हणजे एका प्रकाशझोताचे दोन करणारा लोलक, मांडून व्यतिकरणाचे, म्हणजे दोन प्रकाशतरंगांच्या मिलाफातून उमटणारे, उजळ व काळे पट्टे नेत्रिकेतून मोजणारे विद्यार्थी पट्ट्याची रुंदी बिनचूक काढतात. परंतु एका तरंगाच्या वाटेत अभ्रकाचा पापुद्रा ठेवला असता पट्टे किती सरकतील, हे काढताना सूत्रातील ‘उणे एक’ त्यांच्या हातून गळते, आणि ही चूक किरकोळ मानण्याजोगी नाही.

समजा, ऊसतोडीच्या हंगामात फडाच्या दोन टोकांकडून दोन बैलगाड्या एकाच वेळी, सारख्याच चालीने समोरच्या सडकेकडे निघाल्या, तर सडकेच्या मध्यावर त्या एकदमच पोहोचतात. पाट फुटून एकीच्या वाटेत चिखल झाला तर तिला उशीर होतो. मात्र चिखल ओलांडण्याचा सगळा वेळ उशिरात धरता येत नाही, कारण तेवढी वाट कोरडी असती तरी काही वेळ लागलाच असता. पापुद्र्यानेही आपल्या जाडीएवढी हवा बाजूला सारलेली असते. म्हणून अपवर्तनांकातून, म्हणजे माध्यमात प्रकाश किती पट मंदावतो हे सांगणाऱ्या अंकातून, एक वजा करून जाडीने गुणावे लागते. ०.०१ मिलिमीटर जाडीच्या, १.५८ अपवर्तनांकाच्या अभ्रकाने सोडियमच्या प्रकाशात सुमारे १० पट्टे सरकतात. ‘उणे एक’ विसरणाऱ्याच्या वहीत तेच २७ होतात!

दोन्ही गाड्या एकदम पोहोचण्याची जागा आता चिखलाच्या बाजूला सरकते, कारण रखडलेल्या गाडीची वाट तिथे तेवढी आखूड होते. पट्टेही पापुद्र्याच्याच बाजूला सरकतात. त्यांची रुंदी मात्र बदलत नाही. १८१६ च्या सुमारास आरागो आणि फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञांनी हे सरकणे अभ्यासले, तेव्हा काचेत प्रकाश मंदावतो या तरंगवादी मताला त्यातून बळ मिळाले. सरकणे हे हवेच्या तुलनेत झालेल्या उशिराचे माप आहे, पापुद्र्यातून जाण्याच्या एकूण वेळेचे नव्हे, हे पुन्हा सांगणे अगत्याचे आहे.

सोडियमच्या प्रकाशात सगळे पट्टे सारखेच दिसत असल्याने मधला कोणता हे ओळखता येत नाही, त्यासाठी पांढरा प्रकाश लागतो, कारण त्यात फक्त मधला पट्टा पांढरा दिसतो. तथापि अभ्रकाचा अपवर्तनांक रंगागणिक बदलत असल्याने तो मधला पट्टाही किंचित रंगीत होतो, आणि त्याची दुरुस्ती हा इथे न मावणारा विषय आहे.