बॅग पहिल्याच रात्री उघडा



करिअरवर बोला, असं मला कळवलं होतं. पण शाळेच्या मैदानात पाय ठेवला आणि मार्कंड्याची जत्राच आठवली. त्या दिवसांत वर्ग ओस पडायचे, आम्ही वैनगंगेच्या वाळूत हुंदडायचो. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी इथेच सातवीत होते. आमचे भूगोलाचे सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही फळ्यावर नवा जिल्हा काढून उजव्या कडेला एक ठिपका दिला होता, भामरागड. चौदा वर्षांनी त्या ठिपक्यावर माझी प्रतिनियुक्ती झाली. सहा महिन्यांची.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा जंतू शोधायचा. त्यातला फाल्सिपेरम दिसला की धावपळ, कारण तो मेंदूवर जाऊ शकतो. कामाचं एवढं पुरे.

आष्टी, आलापल्ली करत एसटीने पोचले ती भर पावसाळ्यात. सहाच महिने तर काढायचेत, म्हणून बॅग खाटेखाली ढकलली. वरचेच दोन जोड धुऊन वापरायचे आणि कॅलेंडरवर रोज फुली मारायची. तिसऱ्या आठवड्यात पर्लकोटा फुगली, पुलावरून पाणी गेलं. पलीकडे हेमलकसा, अलीकडे आम्ही अडकलेलो. त्या दिवशी बॅग उघडली, तर आईच्या लुगड्याला बुरशी. मी ढसाढसा रडले. शेजारची माडिया आजी आली, काही न बोलता लुगडं उचलून तिच्या चुलीवरच्या दोरीवर टाकलं आणि मला पाणी दिलं. म्हणाली, ‘येर.’ तीन आठवडे मी रोज माडिया बायांच्या बोटाला सुई टोचत होते, आणि पाण्याला त्या काय म्हणतात, हेसुद्धा विचारलं नव्हतं!

म्हणून पोरांनो, जिथे जाल तिथे बॅग पहिल्याच रात्री उघडा. खिळा ठोका, कपडे टांगा. पंधरा दिवसांसाठी गेलात तरी उघडा. दुसऱ्या सकाळी शेजाऱ्याला त्याच्या भाषेतले दहा शब्द विचारा. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुली नर्सिंगला नागपूरला जाणार आहेत, असं मॅडम म्हणाल्या. पोरींनो, तुम्हीही उघडा. होस्टेलची खोली नावडली तरी उघडा.

आणि समोर बसलेल्या आयाबायांनो, तुम्हाला वेगळं सांगते. कोनसरीच्या कारखान्यामुळे आता परगावची माणसं आपल्याकडे कामाला येतात, भाड्याने राहतात. त्यांच्या खाटेखालीही बॅग असेल. पहिल्या संध्याकाळी एक वाटी भाजी पाठवाल ना? कपडे वाळत घालायला दोरी आहे का, एवढं तरी विचाराल?

रेला नाचाची मुलं मघापासून मोरपिसं सावरत उभी आहेत, त्यांना आणखी ताटकळवत नाही. सर, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. मी तिथे येऊन बसते.