आकाशातली वाट



आज आपण विमानाच्या वाटेविषयी बोलू. घाटकोपर-कुर्ल्याच्या लोकांना विमान काही नवे नाही. त्यांच्या घरांवरून ते खाली येते आणि सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरते. पण विचार करा. जमिनीवर सडक असते, मैलाचे दगड असतात. वाट चुकली तर विचारायला माणूस असतो. आकाशात यातले काहीच नाही. त्यात रात्र, त्यात पावसाळी ढग! मग वैमानिकाला वाट सापडते कशी?

पूर्वी ती डोळ्यांनी शोधावी लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला थांबून ते जुहूच्या विमानतळावर उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून! विमानात बिनतारी यंत्र नव्हते. होकायंत्र पाहायचे, खालची जमीन ओळखायची आणि पुढे जायचे.

आता विमानाला सोबत असते ती बिनतारी लहरींची. या लहरी दिसत नाहीत. घरच्या रेडिओत गाणे येते ते अशाच लहरींवरून.

पहिली सोबत बोलण्याची. विमानतळावरचे अधिकारी वैमानिकाशी बोलतात. किती उंचीवर राहा, केव्हा उतरा, हे सांगतात. या बोलण्यात अक्षरांची गफलत होऊ नये म्हणून एक युक्ती आहे. इंग्रजीतले 'बी' आणि 'डी' कानाला सारखेच वाटतात. म्हणून 'बी'ला 'ब्राव्हो' म्हणतात आणि 'डी'ला 'डेल्टा'. आपण 'ग गवताचा' म्हणून शिकलो ना? तसेच हे! ही बाराखडी जगभर १९५६ सालापासून चालते.

दुसरी सोबत खुणेच्या केंद्राची. हे केंद्र सतत लहरी सोडते. त्यावरून वैमानिकाला आपली दिशा कळते. केंद्र आपले नावही सांगते, ठिपके आणि रेघा यांच्या सांकेतिक लिपीत. अंतर कळायला वेगळे यंत्र असते. विहिरीत हाक मारली की थोड्या वेळाने आवाज परत येतो. तसे विमान लहर पाठवते, केंद्र उत्तर देते. किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते.

तिसरी सोबत उतरण्याची. धावपट्टीजवळून दोन लहरी शेजारी शेजारी सोडतात. एकीचा जोर वाढला तर विमान डावीकडे गेले, दुसरीचा वाढला तर उजवीकडे. दोन्ही समान म्हणजे विमान मधोमध. तराजूचा काटाच म्हणा! अशीच दुसरी जोडी उंची सांगते. सरळ उतारावर एक किलोमीटर पुढे जाताना विमान सुमारे ५२ मीटर खाली येते.

एवढी सोय असली म्हणजे भीती संपली का? नाही, मंडळी. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर एक इटालियन विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. मुंबई जवळ आली असे वैमानिकाला वाटले. तो विमान खाली आणू लागला. खरे तर मुंबई ८० किलोमीटरहून अधिक दूर होती आणि खाली होते जुन्नरकडचे डोंगर. विमान डोंगरावर आदळले. आतली ९४ माणसे गेली, एकही वाचले नाही. चौकशीत काय निघाले? आपण नेमके कुठे आहोत हे ताडून पाहायला साधने होती, पण वैमानिकाने त्यांचा उपयोग केला नाही.

दुसरी गोष्ट २४ सप्टेंबर १९७२ ची. एका जपानी विमानाला सांताक्रूझला उतरायचे होते. जुहूची धावपट्टी तिथून जवळच, आणि दिशाही जवळपास तीच. वैमानिकाला जुहूची पट्टी दिसली, तीच त्याला सांताक्रूझची वाटली. पट्टी अपुरी पडली आणि एवढे मोठे विमान पुढे घसरत गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. १९५३ सालीही एक इंग्रजी विमान असेच चुकून जुहूला उतरले होते.

यातून काय घ्यायचे? डोळे फसतात, अंदाज चुकतो. म्हणून विमानाच्या कामात एक कडक नियम आहे. विमानतळाने हुकूम दिला की वैमानिकाने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. 'हो, समजलं' एवढे चालत नाही. चूक असेल तर ती तिथल्या तिथे कळते.

शिकलेला, अनुभवी वैमानिक परत म्हणून दाखवतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. मग आपल्याला का वाटावा? डॉक्टरांनी गोळी कधी घ्यायची ते सांगितले की त्यांच्यासमोर परत म्हणा. बाटलीवरचे नाव वाचा. गाडीत चढण्याआधी पाटी वाचा, आणि तरीही एकदा विचारा. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा अंदाजाने कशाला चालायचे?