हप्ता कुणाच्या नावावर?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘हप्त्याने घ्यावे की साठवून घ्यावे’ हा आजचा विषय. उदाहरण म्हणून मुलांच्या गेमसाठी लागणारा मोबाइल घेऊ. काही जणींना वाटेल, हा तर घरखर्चाचा प्रश्न, यात स्त्रियांच्या हक्काचे काय? म्हणून आधी तेच सांगते.

गटाच्या बैठकीत मी दोन प्रश्न विचारते. पहिला, घरात हप्त्याने काय काय आले? कूलर, फ्रिज, मोटरसायकल, मोबाइल अशी यादी येते. दुसरा, कर्ज कुणाच्या नावावर आणि वस्तू कुणाच्या हातात? इथे बायका एकमेकींकडे बघून हसतात. कूलर सगळ्यांचा असतो. मोटरसायकल नवऱ्याची आणि मोबाइल मुलाचा. सही मात्र बाईची. तिने कर्ज घेतलेले असते ‘शेळीसाठी’ किंवा ‘शिलाई मशीनसाठी’. शेळी कागदावरच राहते.

मुलाची हौस मी तुच्छ मानत नाही. नवा गेम जुन्या फोनवर चालत नाही, मित्र खेळतात आणि हा नुसता बघत बसतो, हे दुःख खरे आहे. ज्यांची ऐपत जास्त, त्यांच्या मुलांची मागणीही मोठी. प्लेस्टेशन ५ हे खेळण्याचे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले ते ४९,९९० रुपयांना. पण त्याच घरातल्या मुलीच्या हातात तो फोन किती वेळ येतो? तिचा अभ्यास त्याच फोनवर, आणि पाळी येते भावाचा खेळ संपल्यावर. आईच्या नावावरच्या कर्जातून आलेल्या वस्तूवर मुलीचा हक्क सर्वांत शेवटी, हे आपण मुकाट्याने का मान्य करतो?

आता हिशोब मांडू. दिवाळीच्या आणि आखाजीच्या तोंडावर दुकानांवर पाट्या लागतात, ‘शून्य टक्के व्याज’. समजा फोन १५,००० रुपयांचा आहे. ३,००० रोख दिले, ६०० ‘फाइल चार्ज’ भरला आणि १,६०० रुपयांचे आठ हप्ते ठरले. हप्त्यांचे झाले १२,८००. एकूण १६,४००. म्हणजे १,४०० रुपये जास्त गेले. बाई म्हणते, ‘चौदाशेच ना!’ पण उधारी १२,००० चीच होती, त्यातले ६०० पहिल्याच दिवशी परत गेले आणि उरलेले मुद्दल दर महिन्याला घटत गेले. या हिशोबाने व्याज वर्षाला शेकडा ३२ च्या आसपास पडते. पाटीवर शून्य, वहीत बत्तीस! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवले जाते.

हेच १,६०० रुपये दरमहा बाजूला ठेवले तर साडेसात महिन्यांत १२,००० जमतात. जवळजवळ तेवढेच महिने! म्हणजे चौदाशे रुपयांत आपण एकच गोष्ट विकत घेतली, ती म्हणजे आठ महिने आधी फोन मिळणे. शिलाई मशीन असते तर त्या आठ महिन्यांत तिने कमावून दिले असते, तिथे हप्ता परवडतो. गेम काही कमावून देत नाही. उलट नवा गेम बाजारात येतो तेव्हा सर्वांत महाग असतो, पुढे त्याची किंमत बहुधा उतरते. थांबणाऱ्याचा यात फायदाच. नेहमीच असे होते असे मात्र नाही. त्याच प्लेस्टेशनची किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये वाढून ५४,९९० झाली.

हिशोब इतका सरळ आहे, तर बाया हप्ताच का निवडतात? त्या अडाणी आहेत म्हणून नव्हे. एका बाईने मला जे सांगितले ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. ‘ताई, हप्ता म्हटला की घरचे पैसे देतात. बचत म्हटली की घरचे पैसे मागतात.’ डब्यात साठवलेले पैसे तिचे राहतच नाहीत. नवऱ्याला कळले तर दारूत जातात, दिराला कळले तर बियाण्यात, नणंदेचे बाळंतपण निघाले तर त्यात. हप्त्याला मात्र कुणी हात लावत नाही, कारण दारात वसुलीवाला येतो. कंपनीच्या माणसाचा धाक घरात चालतो, बाईच्या शब्दाला किंमत नाही. आपला प्रश्न नेमका हा आहे.

आणि हप्ता थकला की धाक बाईलाच. पाच-सहा जणींच्या एकमेकींच्या जामिनकीवर कंपनी कर्ज देते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. या कर्जालाही आपल्याकडे ‘बचत गट’च म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात बचत कुठे असते? शेजारणीला शेजारणीविरुद्ध उभे करणाऱ्या व्यवहाराला आपण आपल्या चळवळीचे नाव लावू देऊ नये. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हा आधी बचत आणि मग कर्ज हा क्रम होता. तो क्रम आपण धरून ठेवू.

आपल्या गटात १२,००० रुपये दरमहा शेकडा दोनने घेतले आणि आठ सारख्या भागांत मुद्दल फेडले, तर व्याज होते १,०८०. तेही गटातच राहते, वर्षाअखेरी त्यातला वाटा आपल्याकडे परत येतो. पण त्याहून चांगला उपाय मी ‘उलटा हप्ता’ म्हणते. घरात सांगायचे, ‘गटाचा हप्ता आहे, पाच तारखेला भरावाच लागतो, नाही तर दंड.’ हे खोटे नाही. बैठक ठरलेली, वही ठरलेली, दंडही ठरलेला. सक्ती हप्त्याचीच, पण पैसा आपला. मुलगा कमावता असेल तर त्याचा उलटा हप्ता त्यानेच भरावा. आईची सही ही घरातली फुकट वस्तू नव्हे.

पैसा ठेवायचा कुठे, हेही बघा. जास्त व्याजाच्या आशेने ठेवलेल्या ठेवींचे काय होते ते जळगावकरांना वेगळे सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक नेमला गेला. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. म्हणून गटाचे खाते बँकेत आणि स्वतःचे खाते स्वतःच्या नावाने.

ज्यांनी कर्ज घेतलेच आहे त्यांनी लाजू नये, नियम पाठ करावेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर विनातारण कर्जाला रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम लागू आहेत. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाचा खरा वार्षिक दर लिहिलेला कागद आपल्याला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. तो कागद मागा. वाचता येत नसेल तर गटात आणा, आपण मिळून वाचू.

आपापल्या गावी गेल्यावर पुढच्या बैठकीत एवढे करा. प्रत्येकीने आपल्या नावावरची कर्जे सांगायची आणि प्रत्येक कर्जापुढे लिहायचे: वस्तू कुणाच्या हातात, हप्ता कुणाच्या मजुरीतून. वहीत हे दोन रकाने आखा. ते भरल्यावर कर्ज घ्यायचे की नाही हे तुम्हाला बाहेरच्या कुणी सांगायची गरज पडणार नाही. आणि ती वही घरातल्या मुलीलाही वाचायला द्या. उद्या सही तिला करायची आहे.