मंगळाची हवा गेली कोठें?

मंगळावर आज वाहतें पाणी नाहीं. मात्र नद्यांचीं कोरडीं पात्रें अद्यापि दिसतात. पाणी वाहण्यास दाट हवा लागते, आणि तेथील हवेचा दाब आज आपल्या हवेच्या शतांशाहूनहि कमी आहे. मग ती हवा गेली कोठें?

सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा प्रवाह सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें अखंड वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र त्याला दूरवरच वळवितें. मंगळाचें तसें क्षेत्र सुमारें ४०० कोटी वर्षांपूर्वींच लोपलें. तेथें अतिनील किरणांनीं वरच्या हवेंतील अणू भारित होतात, आणि सौरवाताबरोबर येणारें विद्युत्क्षेत्र त्यांना अवकाशांत ओढून नेतें.

२०१४ सालीं मंगळाजवळ पोहोंचलेल्या ‘मेव्हेन’ या अमेरिकन यानानें ही गळती मोजली. ती सेकंदास सुमारें १०० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी तांदुळाएवढी भरली. परंतु तरुण सूर्य अधिक उग्र होता; तेव्हांची गळती कितीतरी मोठी असली पाहिजे. थेंबे थेंबे तळें सांचतें, तसें तें आटतेंहि.

तथापि सारा दोष चुंबकत्वाच्या अभावास देतां येत नाहीं. शुक्रासहि असें क्षेत्र नाहीं, तरी त्याची हवा आपल्याहून कितीतरी दाट आहे. मंगळ लहान, त्याचें आकर्षण पृथ्वीच्या दोनपंचमांशाहूनहि किंचित् कमी. ग्रहाचा आकार, त्याचें चुंबकत्व आणि सूर्याचें वय या सर्वांच्या मेळावर आपला प्रत्येक श्वास अवलंबून आहे.