कोरडी वीज आणि वणवा

वीज आणि पाऊस यांची सांगड मनात इतकी पक्की बसलेली असते की, विजेमुळे अरण्य पेटते हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटते. जो मेघ ठिणगी टाकतो तोच मागोमाग पाणीही ओततो. मग वणवा भडकावा कसा? भारतापुरती ही शंका बरीचशी रास्त आहे. येथील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र उन्हाळा कोरडा जातो, आणि तेथे मेघ गर्जतो, वीज पडते, पण पाऊस पुष्कळदा भूमीपर्यंत पोहोचतच नाही.

अशा वेळी मेघाचा तळ फार उंचावर असतो व त्याखालची हवा तापलेली, शुष्क असते. थेंब या हवेतून उतरता उतरता वाटेतच विरून जातात. दुरून पाहणाऱ्यास मेघाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, त्या या अर्ध्या वाटेवर संपलेल्या पावसाच्या. अडीच मिलिमीटरहून कमी पावसासह पडणाऱ्या विजेला तेथील हवामानतज्ज्ञ सामान्यतः ‘कोरडी वीज’ म्हणतात. विरणाऱ्या थेंबांमुळे गार व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते आणि चहूकडे पसरते. म्हणजे पाणी न देणारा मेघ वारा मात्र देतो.

तरीही प्रत्येक वीज आग लावीत नाही. विजेचा मुख्य झोत क्षणार्धाहूनही अल्प काळ टिकतो. पण काही विजांत त्यामागून तुलनेने मंद प्रवाह बराच अधिक काळ वाहत राहतो आणि लाकूड पेटविण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने त्यातच असते. झाडाच्या बुंध्याशी सूचिपर्णी वृक्षांच्या पानांचा अर्धवट कुजलेला थर साचलेला असतो. तो ओला असेल तर ठिणगी विझते. कोरडा असेल तर ती आत शिरते. तो किती कोरडा आहे, हे त्या दिवसाचे नव्हे, तर मागील अनेक आठवड्यांचे हवामान ठरविते.

कॅलिफोर्नियात २०२० साली या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या. त्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे तेथील पावसाळ्यात, सान फ्रान्सिस्को शहरात मोजण्याजोगा पाऊस पडलाच नाही. १६ ऑगस्टला डेथ व्हॅलीत पारा ५४.४ अंश सेल्सियसवर गेला. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या ‘फाउस्टो’ या वादळाची आर्द्रता उंचावरून उत्तरेस आली. मेघांना तेवढे बाष्प पुरले. भूमीला पावसाचा लाभ झाला नाही. काही दिवसांत दहा हजारांहून अधिक विजा पडल्या व शेकडो ठिकाणी आगी लागल्या. मेंडोसिनो अरण्यातील अशा ३८ आगींपासून वाढत गेलेल्या वणव्याने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र व्यापले.

एवढ्या आगी एकाच वेळी लागल्या की अग्निशामक दलांची पांगापांग होते. ज्या आगीचे आज फारसे भय नाही ती मागे ठेवावी लागते. प्लुमास अरण्यात १७ ऑगस्टला विजेने लागलेल्या आगींचे नेमके असेच झाले. तीन आठवडे त्या दुर्गम डोंगरांत जळत राहिल्या. ८ सप्टेंबरला ईशान्येकडून कोरडा, सोसाट्याचा वारा सुटला आणि त्या रात्री आग अनेक मैल धावून बेरी क्रीक या वस्तीवर आली. डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वीज ऑगस्टमधली होती. घात केला तो सप्टेंबरच्या वाऱ्याने.

कोरड्या विजांची शक्यता दिसताच तेथील हवामानखाते धोक्याचा इशारा देते. परंतु इशारा प्रदेशाचा असतो, झाडाचा नव्हे. कोणत्या बुंध्याशी अंगार दडला आहे हे धूर वर येईपर्यंत कळत नाही आणि तो कधी कधी कित्येक दिवसांनी वर येतो. म्हणून आकाश निरभ्र झाल्यावरही टेहळणीची विमाने त्या अरण्यांवरून घिरट्या घालीत राहतात.